आपलाच थांबा

किशनराव गुरुजींच्या ओसरीवर माणिकराव चढले, खुर्चीत टेकले आणि गुरुजींच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी पुढं केलेला चहा बशीत ओतून सावकाश प्यायले. घडलं एवढंच, पण पोखर्णीत ज्यांना जुनं ठाऊक आहे त्यांना ते एवढंच वाटायचं नाही. गुरुजींनी जिल्हा परिषदेच्या शाळेत अर्ध्या गावाला मुळाक्षरं शिकवली, माणिकरावांच्या मुलाला, बजरंगलाही. रस्त्यात गाठ पडली की माणिकराव वाकून 'रामराम गुरुजी' म्हणायचे. मात्र भीमनगरातल्या या घराची पायरी ते कधी चढले नव्हते. दाराशी यायची वेळ आलीच, तर 'चहा आत्ताच घेऊन आलो' हे ठरलेलं. आमच्या गावात आत्ताच घेऊन आलेल्यांची कधी कमी नव्हती.

आज आले त्याला कारण होतं, आणि ते कारण आतल्या खोलीत लॅपटॉपपुढं बसलं होतं. गुरुजींचा मुलगा सिद्धोधन पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करायचा. कंपनी डीबगर बनवायची, म्हणजे चालता प्रोग्राम मधेच थांबवून त्याच्या पोटात काय चाललंय ते दाखवणारा प्रोग्राम. बजरंग त्याच कंपनीत नवा लागला होता. त्याला कायम करायचं की घरी पाठवायचं हे या आठवड्यात ठरणार होतं, आणि सगळं अडलं होतं त्यानं कोडमध्ये केलेल्या एका बदलावर. तो बदल तपासायला सिद्धोधनकडं आला होता.

माणिकरावांना कोडमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण सही कळत होती. तलाठ्यापासून साखर कारखान्याच्या हापिसापर्यंत सह्यांमागं हिंडण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी सिद्धोधनला बाहेर बोलावलं.

"तुझी तेवढी एक सही ऱ्हायलीय म्हनं. पोरगं लय घोर करायलंय. आपल्या गावचंच हाय, सांभाळून घे."

"बघतो काका," सिद्धोधन म्हणाला. आपल्याकडं 'बघतो'चा अर्थ ज्याला जो हवा तो घेतो. माणिकराव समाधानानं उठले.

ते कोपऱ्यावरून वळेपर्यंत गुरुजी दारात उभे होते. मग आत येऊन मुलाजवळ बसले. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "तो माणूस आज आपल्या घरात बसला. हे बघून मरीन असं मला वाटलं नव्हतं. करून टाक त्याचं काम."

सिद्धोधनला बापाची दया आली आणि त्या दयेचा रागही आला. तो कामाला लागला.

बदल होता डिसअसेम्ब्लीचा. मशीनला कळतात ते नुसते आकडे. ते उलगडून माणसाला वाचता येतील अशा ओळी करून दाखवायच्या, हे त्या भागाचं काम. बजरंगनं ते चांगलंच वेगवान केलं होतं, आणि पोराच्या हाताला गुण आहे हे सिद्धोधननं मनात कबूल केलं. पण एका जागी गफलत होती. प्रोग्राम थांबवण्यासाठी डीबगर त्यातला एक आकडा उचलून बाजूला ठेवतो आणि तिथं स्वतःचा थांबा बसवतो. माणसाला दाखवताना मात्र मूळ आकडाच दाखवायचा असतो. वेगाच्या नादात बजरंगचा कोड समोर दिसेल ते वाचत सुटला होता. म्हणजे जिथं थांबा लावला, तिथं डीबगर आपलीच खूण बिचाऱ्या प्रोग्रामच्या नावावर खपवायचा. शिवाय एक ओळ हुकली की माप चुकून पुढच्या दोन-चार ओळीही भलत्याच वाचल्या जायच्या. दोष शोधायला बसलेला माणूस त्यापायी निर्दोष कोडवर संशय घेत बसला असता.

सिद्धोधननं 'परत' म्हणून लिहायला घेतलं आणि त्याचा हात अडला. लहानपणी तो मावशीबरोबर माणिकरावांच्या रानात खुरपायला जायचा. तहान लागली की ओंजळ धरायची, पाणी वरून पडायचं. ओतणारे पुष्कळदा स्वतः माणिकरावच असत. हे तो विसरला नव्हता आणि विसरायचा त्याचा विचारही नव्हता. पण आता त्याला स्वतःचीच धास्ती वाटली. दोष खरंच बजरंगच्या कोडात आहे, की आपण फार पूर्वी मनात बसवलेला थांबाच आपल्याला तिथं दिसतोय? दुसऱ्या कुणाचं काम असतं तर आपण इतकं खोल गेलो असतो का? कर नाही त्याला डर कशाला, असं लोक म्हणतात. पण जो नीट वागायला बघतो त्याचीच झोप उडते, हे म्हणणाऱ्याला ठाऊक नसावं.

शेवटी त्यानं तो बदल लिहिणाऱ्याचं नाव काढून अर्पिताला पाठवला. ती पुण्याच्या हापिसातली त्याची जुनी सहकारी. थांबा लावून चालवून बघ, एवढंच त्यानं सांगितलं. दुपारी तिचा फोन आला. तिलाही तेच दिसलं होतं. ज्यानं लिहिलंय त्याला चांगली जाण आहे, पण हे असं जाऊ देऊ नकोस, असं ती म्हणाली. सिद्धोधनच्या छातीवरचं एक ओझं उतरलं.

दुसरं राहिलं होतं. बापाला सांगायचं सगळ्यात जड गेलं. वरून कितीही दाब आला तरी नापास पोराला पास न करणारे गुरुजी, पण त्या दिवशी म्हणाले, "जन्मभर दुसऱ्यांना शिकवलं. एकदा माझ्यासाठी काही मागितलं तुला." तरी सिद्धोधननं चूक कुठं आहे, का आहे, ते सविस्तर लिहून बदल परत पाठवला, वर बजरंगला फोन करून समजावूनही सांगितलं.

बजरंग कामाला लागला. मुदत संपायच्या आत त्यानं दुरुस्ती करून पाठवली, थांब्यांच्या चाचण्याही लिहिल्या. सिद्धोधननं त्या उलटसुलट करून पाहिल्या आणि मान्य म्हणून कळवलं. बजरंग कायम झाला.

पण गावाला या मधल्या गोष्टी कोण सांगणार? माणिकरावांना एवढंच ठाऊक, की आपण गेलो, चहा घेतला आणि पोराचं झालं. ते भेटेल त्याला सांगत सुटले. रविवारी फाट्यावरच्या हॉटेलात त्यांची हीच कथा रंगली होती. बाकड्यावर पाच-सात माणसं, शेजारी सुट्टीला आलेला बजरंग. परभणीच्या गाडीसाठी गुरुजी आणि सिद्धोधन बाहेर उभे होते, ते त्यांना दिसले नाहीत.

"गुरुजींच्या घरचा अर्धा कप चहा पेलो अन् काम फत्ते," माणिकराव म्हणाले. कुणीतरी हसलं.

गुरुजींचा चेहरा उतरला. ज्या चहानं त्यांना इतकं भरून आलं होतं, त्याचा भाव आता चारचौघांत लागत होता. सिद्धोधन पुढं होऊ लागला, तसा गुरुजींनी त्याचा दंड धरला.

बोलला तो बजरंग. "आबा, तसं न्हाई झालं. तुमी चहा पिऊन आल्यावर सिद्धोधनदादांनी माझं काम परत पाठवलं. चुकलंच होतं माझं. मी नीट करून दिलं, मंग पास झालं."

माणिकरावांनी पोराकडं पाहिलं, मग बाहेर नजर गेली आणि गुरुजी दिसले. ते ओशाळले. रागानं नव्हे, खरोखरच न उमजून ते म्हणाले, "म्हंजी मी उगंच गेलतो की तुमच्या घरी, गुरुजी."

गाडी आली. गुरुजींनी मुलाचा दंड सोडला आणि पिशवी उचलली.

"न्हाई माणिकराव," ते म्हणाले, "उगंच तुमी कधी आलाच न्हाईत. एकदा या तसे."