पेढ्यावरचा निळा डाग

लेकीच्या उष्टावणासाठी सासूबाई घरीच पेढे वळत होत्या. खवा धसईच्या बाजारातला, मला त्याचा भरवसा नव्हता. ऋग्वीचा पहिला घास तोच असणार होता.

त्या पाणी आणायला उठल्या, तसा मी एका पेढ्यावर आयोडीनचा थेंब टाकला. भेसळीचं पीठ असलं की निळं होतं, कॉलेजात शिकले होते. पेढा निळा झाला.

"आई, खव्यात पीठ मिसळलंय!"

"मीच घातलं. घरच्या भाताचं पीठ घातल्याबिगर आमी पहिला घास देत नाय गो."

पातेल्यात नुसता खवा उरला होता. त्यावरही मी थेंब टाकला. तो निळा झाला नाही.

सासूबाईंनी पिठाचा हात पुढे केला. "आता ह्याच्याव पण टाक."

मी बाटली बंद केली आणि ऋग्वीला त्यांच्या मांडीवर दिलं.