खाट हलवली आणि आवाज सुधारला

ऑफिसात तिला सगळे लवंगी म्हणत. तोंडावर नाही, तेवढी कोणाची हिंमत! पण म्हणत. आणि गंमत बघा, ह्या लवंगीला काम काय दिलेलं? तर गोड बोलायचं. कंपनी डिस्क प्लेअर बनवायची, घरातल्या घरात थिएटर थाटणाऱ्या हौशी मंडळींसाठी. घेणारे लोक कंपनीच्या पानावर आपापलं मत टाकायचे, चित्र कसं, आवाज कसा, पाचपैकी किती तारे. आणि प्रत्येक मताखाली लवंगीने नम्र उत्तर लिहायचं.

मतं तरी कसली एकेक! एकाचं म्हणणं, रात्रीच्या प्रसंगात काळा रंग पुरेसा काळा नाही. दुसऱ्याचं म्हणणं, इतका काळा आहे की चोर दिसतच नाही. एकाला नायिकेच्या गालावर पुळी दिसली होती. ती मूळ सिनेमातली की तुमच्या यंत्रातली, ते ताबडतोब कळवा. एक जण तर नुसता धुमसत होता, कारण गोळी मागच्या स्पीकरमधून सुटायला हवी होती ती पुढच्यातून सुटली. सुटली ना, मग लागू दे तुला, असं लवंगी मनात म्हणायची आणि बोटांनी लिहायची, "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." दिवसभर दिलगीर होऊन होऊन संध्याकाळी तिचा जबडा दुखायचा.

नवं मॉडेल बाजारात आलं तेव्हापासून तर रविवारची सुट्टीही गेली. रविवारी ती बाबांना भेटायला धाकट्या भावाकडे जायची, तेही बंद झालं. मग फोन. बाबा म्हणायचे, "मी मजेत आहे गं, तू तुझं काम बघ." बाबांची ही मजा तिला चांगली ठाऊक होती. जन्मभर पिठाची गिरणी चालवली, पीठ छातीत जाऊन बसलं, आता नाकात नळी आणि उशाशी ऑक्सिजनचं मशीन, तरी गडी मजेत. पण कामाच्या रगाड्यात तिनेही ते खरं धरलं.

अशाच एका रविवारी दुपारी साहेब स्वतः तिच्या टेबलाशी आले. साहेबांना एवढं हसताना तिने पगारवाढ नाकारतानाच पाहिलं होतं.

"हे बघा, मत असावं तर असं! पानावर सगळ्यात वर लावू. छानसं आभाराचं लिहून टाका."

मत देणाऱ्याने स्वतःचं नाव ठेवलं होतं 'शांतताप्रेमी'. त्याने लिहिलं होतं, "चित्र अप्रतिम, ते मी आधीच कळवलं आहे. आवाजाला मात्र तीनच तारे दिले होते, कारण शांत प्रसंगात मागे सारखी घरघर यायची. आपल्या सल्ल्याप्रमाणे घरघरीचं कारण दुसऱ्या खोलीत हलवलं. आता आवाज अगदी स्वच्छ. टाचणी पडली तरी ऐकू येते. पाच तारे. सोबत खोलीचा फोटो."

लवंगीने फोटो उघडला. भलामोठा पडदा, काळी खोकी, भिंतीला कसलेसे फोमचे तुकडे. नेहमीचंच. ती फोटो बंद करणार, तेवढ्यात तिला खिडकीचे पडदे दिसले. निळे, खाली पांढरी पट्टी, आणि डावीकडची पट्टी उजवीपेक्षा बोटभर रुंद. असली माती जगात एकाच बाईने खाल्ली होती, आणि ती आत्ता हा फोटो बघत बसली होती. पडदे तिने स्वतः शिवून भावाला दिले होते. त्या खिडकीखाली बाबांची खाट असायची. तिथे पडून बाबा रस्त्यावरच्या अख्ख्या जगाची विचारपूस करायचे. आता तिथे कमरेएवढा काळा स्पीकर उभा होता.

घरघरीचं कारण म्हणजे बाबांचं मशीन. आणि मशीनला जोडलेले बाबा.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कान गरम झाले. साहेब अजून तिथेच उभे होते.

"लिहिताय ना आभाराचं?"

"तोंडीच मानून येते," ती म्हणाली, आणि पर्स उचलून निघाली.

भावाच्या घराचे दोन जिने ती एका दमात चढली. दार भावजयीने उघडलं, आणि उघडताच ओठांवर बोट ठेवलं. "ताई, हळू हं. सिनेमा चाललाय."

"हळू?" लवंगी एवढ्या जोरात म्हणाली की शेजारचं दार किलकिलं झालं.

आत भरदुपारी अंधार. खोलीच्या बरोब्बर मध्यभागी एकच खुर्ची, तिच्या चारी पायांच्या जागा जमिनीवर चिकटपट्टीने आखलेल्या, आणि त्या खुर्चीत तिचा भाऊ. चाळिशी उलटली, डोक्यावरचं रान विरळ झालं, तरी घरात तो छोटूच. दुसऱ्या माणसाने बसायचं कुठे, ह्याची त्या खोलीत सोयच नव्हती.

"ताई! बरं झालं आलीस. ये. अगं तिथे नको उभी राहू, तिथे आवाज डावीकडे कलतो. इकडे ये. आता मागून घोडे येतील बघ, मागे वळून बघशील तू!"

"बाबा कुठे आहेत?"

"आत आहेत, मजेत. थांब ना, आले घोडे."

"छोटू! बाबा कुठे आहेत?"

त्याने नाइलाजाने रिमोट दाबला. घोडे हवेतच थांबले. छोटूच्या चेहऱ्यावर ताटावरून उठवल्यासारखा भाव.

"मागच्या खोलीत. आरडाओरडा कशाला? तिथे त्यांना शांत वाटतं."

"त्यांना शांत वाटतं, का तुला? त्या मागच्या खोलीत तुम्ही वाळत घातलेले कपडे आणि फुटक्या बादल्या ठेवता. बापाला तिथे ठेवलंस?"

"ठेवलंस काय म्हणतेस! आणि मला सांगायला आलीस, तर तुमच्याच कंपनीने सांगितलं मला. हे बघ, हे वाच." त्याने फोन तिच्या नाकासमोर धरला.

तिने वाचलं. "आसपासची इतर विद्युत उपकरणे बंद करून अथवा दुसऱ्या खोलीत हलवून पाहावीत. झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

शब्द न् शब्द तिचा होता. घरघर म्हणून कोणीही तक्रार केली की ती हेच डकवायची, समोरचं नीट न वाचता, एका हाताने चहा पीत. छोटूला माहीत नव्हतं उत्तर कोणी लिहिलं, तिला माहीत नव्हतं विचारतंय कोण. एखादीचा राग इथे विझला असता. तिचा दुप्पट झाला, कारण आता तो तिला स्वतःचाही आला होता.

"हे मी लिहिलंय," ती म्हणाली. "माझ्याच हाताने. पण गाढवा, उपकरण हलवा लिहिलं होतं, बाप हलवा नव्हतं लिहिलं!"

"मग मशीन तिकडे आणि बाबा इकडे, असं कसं जमेल? नळी केवढीशी असते!" छोटू म्हणाला. आणि हे तो गंभीरपणे म्हणाला हो, अगदी समजावून सांगितल्यासारखं.

"हेडफोन कानाला लावून ऐक की मग!"

"पाच स्पीकरचा आवाज दोन कानांत कसा मावेल, ताई? तू ह्याच कंपनीत आहेस ना?"

"मी म्हटलं होतं ह्यांना, की बरं दिसत नाही," भावजय मागून पुटपुटली.

"म्हटलं होतंस? आणि आत्ता दार उघडताना ओठांवर बोट कोणाचं होतं?" ती परत छोटूकडे वळली. "अरे, ज्याच्या घरघरीचा तुला त्रास होतो ना, ती गिरणीची घरघर त्यांनी तीस वर्षं डोक्यावर घेतली. त्या घरघरीवर तू शिकलास, ह्या खुर्चीत बसण्याइतका मोठा झालास. तेव्हा कोणी कानांत बोटं घातली नाहीत!"

छोटूने तोंड उघडलं, पण ती थांबलीच नाही. सरळ आत गेली.

मागच्या खोलीत दोरीवर चादरी लटकत होत्या. त्या बाजूला सारल्या तेव्हा बाबा दिसले. खाटेच्या कडेला, गुडघ्यांवर हात टेकून, पुढे वाकून बसलेले. खांदे वर जात होते, खाली येत होते. नाकात नळी होती. पण खोलीत आवाज काही नव्हता. तिने मशीनकडे पाहिलं. दिवा विझलेला.

"बाबा! अहो, मशीन बंद पडलंय!"

"पडलं नाही," बाबा म्हणाले, आणि पुढचे शब्द यायला वेळ लागला. "मीच... बंद केलंय."

तिने झडप घालून बटण दाबलं. मशीन घरघरायला लागलं. ती त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली, त्यांच्या ओठांकडे बघत. ओठ निळसर पडले होते. ते हळूहळू माणसाच्या रंगाचे होईपर्यंत ती जागची हलली नाही. बाबांनीच मग विचारलं, "आज ऑफिस नाही का गं?"

"ऑफिस गेलं खड्ड्यात. मशीन का बंद केलंत?"

"भिंतीतून जातो आवाज."

"असं तो म्हणाला?"

"तो कशाला म्हणेल. मला कळतं. सिनेमा मधेच थांबवतो, उठतो, भिंतीशी येऊन उभा राहतो, परत जाऊन बसतो. दोनदा झालं तसं. मग मीच ठरवलं. त्याचा सिनेमा सुरू झाला की बंद करायचं, संपला की लावायचं. तेवढं निभतं मला."

"रोज?"

"सुट्टीच्या दिवशी जरा जास्त होतं."

"अहो, तुम्हाला काही अक्कल?" ती ओरडली. बापाशी असं ती उभ्या जन्मात बोलली नव्हती, आणि बोलताना तिला रडू फुटलं, त्याचाही तिला संताप आला. "जीव जाईल ना असा! सांगायला काय झालं होतं? फोनवर रोज मजेत, मजेत! ही तुमची मजा?"

चादरी हलल्या. छोटू येऊन उभा होता. सगळं ऐकलं होतं त्याने. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि ते ढोंग नव्हतं. तो तसा वाईट माणूस नव्हताच, हीच तर चीड आणणारी गोष्ट होती.

"बाबा, मला सांगायचं ना," त्याचे डोळे भरले. "मला काय माहीत? शप्पथ, मला वाटायचं मशीन चालूच असतं. मला वाटलं भिंत चांगली जाड आहे."

बाबांनी त्याचा हात थोपटला. म्हणजे समजूत घालायची तीही बाबांनीच.

"झालं ते झालं," लवंगीने डोळे पुसले आणि उठली. "धर खाट त्या बाजूने. खिडकीपाशी नेऊ. आत्ता."

"हो, हो, नेऊ या ना. नेऊच," छोटू म्हणाला. "उद्या सकाळी उठल्या उठल्या नेतो. आत्ता तो स्पीकर हलवला ना, तर सगळं परत मोजून लावायला लागेल, आणि शेवटची वीसेक मिनिटंच राहिलीत, तेवढा..."

तो थांबला. आपण काय बोलून गेलो, ते त्याच्याही कानावर पडलं. भावजयीने कपाळाला हात लावला. लवंगीने काहीतरी जळजळीत बोलायला तोंड उघडलं, पण त्याआधीच बाबा बोलले.

"मला हिच्याकडे जायचंय."

ह्या माणसाने आजवर स्वतःसाठी काही मागितल्याचं दोघांपैकी एकाही लेकराला आठवत नव्हतं. पाण्याचा पेला हवा असला तरी तहान लागलीय एवढंच म्हणायचे. आज म्हणाले, मला जायचंय.

"बाबा, असं नका करू," छोटू म्हणाला. "मी स्पीकर काढतो. आत्ता काढतो. खरंच."

"काढ. पण मी जातो."

भावजयीने गडबडीने पिशवी भरली, औषधं, दोन सदरे, टॉवेल. दवाखान्यात जाताना वापरायचं छोटं सिलिंडर लवंगीने खांद्याला अडकवलं आणि नळी त्याला जोडली. खाली गाडी बोलावली. मशीन उचलायला छोटू पुढे झाला, तिने त्याच्या हातून ते हिसकून घेतलं आणि भावजयीच्या हातात दिलं. त्याचा हात तिला त्या मशीनला लागू द्यायचा नव्हता.

बाबा पुढच्या खोलीत आले आणि थांबले. धाप लागली होती. टेकायला दुसरं काही नव्हतं, म्हणून त्या एकुलत्या एक खुर्चीच्या पाठीला त्यांनी हात टेकला, आणि मग समोर पाहिलं. पडद्यावर घोडे तसेच हवेत थांबले होते. खुरांखालची धूळ, ताणलेल्या माना, आयाळीतला केसन् केस. महिना झाला घरात हे सुरू होऊन, आणि बाबांनी ते आज पहिल्यांदा पाहिलं. ते बघत राहिले. लवंगीने घाई केली नाही.

छोटू नाक पुसत शेजारी आला. त्याच्या हातात रिमोट अजून होता.

"कसं आहे चित्र, बाबा?" त्याने विचारलं.

लवंगीला वाटलं, ठेवून द्यावी एक ह्याच्या कानाखाली.

"फार सुंदर आहे रे," बाबा म्हणाले. त्यांनी श्वास घेतला, आणि आणखी एक घेतला. "एकदा मलाही दाखवायचं होतंस."

मग लवंगीच्या खांद्यावर हात ठेवून ते एकेक पायरी उतरायला लागले.