पुरलेलं पाणी

मर्जिनाचं नाक अख्ख्या गावात बदनाम होतं. कुणाच्या घरी गेली की आधी पाण्याच्या कळशीचं झाकण उचलून वास घ्यायची, मग बसायची. "ही बाई लग्नघरीसुद्धा नवरीच्या आधी कळशी हुंगेल," असं टुनी फुफू सगळीकडे सांगत फिरायची. फुफू म्हणजे आत्या; ही अख्ख्या गावाची आत्या, शेजारची म्हातारी. कुणाला टोमणा मारल्याशिवाय तिला जेवण पचत नसे. मर्जिना झाकण उचलतच राहायची. मागच्या मोठ्या वादळानंतर तळ्यातलं पाणी पिऊन तिची सहा वर्षांची पोर दोन दिवसांत हगवणीनं गेली होती. त्या पाण्याला वास येत होता. मर्जिनाला तो आला होता, आणि पोर तहानेनं रडते म्हणून तरीही तिनं ते पाजलं होतं.

आता घरात सून होती, मोयना, ओली बाळंतीण. बाळ अठरा दिवसांचं. मुलगा दूर चट्टग्रामच्या बंदरात जुनी जहाजं तोडायच्या कामावर. आणि नदीच्या बांधावर सकाळपासून लाल बावटे लागलेले, भोंग्यावर माणूस ओरडत होता की दहा नंबरचा सिग्नल आहे, सगळ्यात मोठं वादळ येतंय, शेल्टरच्या पक्क्या इमारतीत चला.

लोक गोधड्या बांधत होते, कोंबड्या पकडत होते. मर्जिना अंगणात खड्डा खणत होती.

ॲल्युमिनियमच्या तीन मोठ्या कळश्या. तासभर चालून आणलेलं गोडं पाणी, फडक्यातून दोनदा गाळलेलं. तिनं तिन्ही काठोकाठ भरल्या, तोंडावर दुहेरी प्लास्टिक ओढलं आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी करकचून आवळलं. कळशी रिकामी राहिली की पुराच्या पाण्यात जमिनीतून वर येते आणि तरंगत निघून जाते. मागच्या वेळी फुफूची तशीच गेली होती, आणि तेव्हापासून पाणी पुरणाऱ्याला ती हसायची. एक थेंब सांडू नये म्हणून जिवापाड जपत मर्जिनानं तिन्ही खाली उतरवल्या.

"अगं, लोक सोनं पुरतात," फुफू कुंपणावरून म्हणाली, "तू पाणी पुरतेस. उद्या त्याला कोंब फुटतील हो!"

"फुटू देत. तुला नाही देणार."

"मला नकोच. हुंगलेलं पाणी कोण पिणार?"

मर्जिनानं माती दाबली, खणल्याची खूण दिसू नये म्हणून वर मातीची चूल फोडून पसरली, आणि कोपऱ्यातल्या खजुराच्या झाडापासून पावलं मोजली. सात. घर उडेल, कुंपण वाहून जाईल, पण तो खजूर तिच्या सासऱ्याच्या लहानपणापासून उभा होता.

नवरा कासेम मदतीला नव्हता. तो मोतलेब गाजीच्या कोळंबीच्या तळ्यांवर राखणदार. हा गाजी म्हणजे तोच, ज्यानं कोळंबीसाठी बांध फोडून नदीचं खारं पाणी शिवारात घेतलं. भात गेलं, चिंचा वाळल्या, गावातलं एकेक तळं खारट झालं, आणि बायका हंडाभर पाण्यासाठी तासतासभर चालायला लागल्या. तरी वाटेत गाजी दिसला की सगळे सलामासाठी हात कपाळाला नेणार. मर्जिनाला त्या हातांचीसुद्धा किळस यायची.

वादळ आलं, दोन दिवस गावाला खाऊन गेलं. शेल्टरमध्ये चारशे माणसं, एक संडास. तिथलं तर बोलूच नये. तिसऱ्या दिवशी सकाळी बाळाला छातीशी धरून मोयना आणि तिच्या मागे मर्जिना घरी आल्या, तेव्हा घर नव्हतंच. चार खांब आणि चिखल. खजूर उभा होता.

आणि वास! शी! फुटलेल्या तळ्यांमधली कोळंबी चिखलात सडत पडलेली, बाभळीच्या काट्यांना फुगलेली शेळी अडकलेली, मशिदीजवळच्या तळ्यात कुणाची तरी म्हैस पाय वर करून. माश्यांचा नुसता काळा थर. मर्जिनानं पदर नाकात कोंबला तरी तो वास घशात उतरत होता.

"आम्मा," मोयना म्हणाली, "दूध येत नाहीये. कालपासून नुसतं ओढतोय तो." तिचे ओठ फुटले होते. बाळ रडतही नव्हतं नीट, मांजराच्या पिल्लासारखं कुंईकुंई करत होतं.

"बस तू. पाणी आहे आपल्याकडे." मर्जिनानं खजुराला पाठ लावली आणि पावलं टाकायला लागली.

पाच पावलं झाली असतील, तोच वादळभर गाजीच्या वाड्यावर राहिलेला कासेम आला. खांद्यावर भरलेली कळशी, चेहरा खुललेला.

"खणू नका, खणू नका! गाजीसाहेब पाणी वाटताहेत. चार ड्रम भरून! त्यांच्या गच्चीवरच्या टाकीतलं आहे, अख्ख्या गावाला फुकट. बघितलंस, उगाच नावं ठेवतेस त्या माणसाला."

मर्जिनाला खरंच बरं वाटलं. आपलं पाणी आणखी चार दिवस पुरेल, एवढंच तिच्या मनात आलं. तोवर कासेमनं पेला भरून सुनेच्या हातात दिलासुद्धा. मोयनानं तो ओठांपाशी नेला.

मर्जिनानं झडप घालून पेला उडवला.

"आम्मा!" मोयना ओरडलीच. "पाणी होतं ते!"

"थांब." तिनं कळशीत तोंड घातलं. गावभर सडल्याचा एवढा दर्प होता की कुणाला दुसरा वास कळलाच नसता. पण हा वास तिच्या ओळखीचा होता. कासेमच्या लुंगीला यायचा, दर हिवाळ्यात. नवी कोळंबी सोडण्याआधी तळ्यातले उरलेसुरले मासे मारायला गाजी जे विष ओततो, त्याचा.

तिनं कळशी कमरेवर घेतली आणि तडक गाजीच्या वाड्याकडे निघाली. कासेम मागून "अगं ऐक, अगं ऐक" करत पळत होता.

गाजीच्या अंगणात जत्रा भरली होती. चार निळे ड्रम, पुढे रांग, आणि पायरीवर खुर्ची टाकून स्वतः गाजी, पांढरा शुभ्र झब्बा घालून. त्याचा पुतण्या मोबाइलवर फोटो काढत होता. मर्जिनानं कळशी त्याच्या पायाशी ठेवली.

"गाजीसाहेब, या पाण्याला विषाचा वास येतो."

"झालं! आली हुंगणारी," रांगेतून फुफू म्हणाली, पण हातातला पेला तिनं खाली घेतला.

गाजी हसला. "भाबी, सगळ्या गावालाच वास येतोय. माझ्या टाकीतलं पाणी आहे, मी स्वतः तेच पितो."

"मग प्या की. एक पेला. आमच्यासमोर."

"आज माझा रोजा आहे," गाजी म्हणाला. "गाव वाचलं म्हणून धरलाय."

मर्जिनानं त्याच्याकडे नीट पाहिलं. ओठ लालभडक, गालात विड्याचा गोळा, झब्ब्यावर पिंकेचा ताजा थेंब.

"विडा खाऊन रोजा?" ती म्हणाली. "लाज वाटत नाही? अल्लाला फसवताय की आम्हाला?"

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. गाजीचा चेहरा पडला. मर्जिना नवऱ्याकडे वळली.

"तुम्ही सांगा. तिथं राबता ना तुम्ही? या ड्रमांत आधी काय होतं?"

कासेमनं खाली पाहिलं. पायाच्या अंगठ्यानं चिखल उकरायला लागला. सगळी रांग त्याच्याकडे बघत होती.

"धुतलेत," तो म्हणाला. "साबणानं धुतलेत मी. तीनदा."

एवढं पुरे झालं. ज्यांनी आधीच पाणी प्यायलं होतं, त्यातल्या दोघी भिंतीशी जाऊन ओकायला लागल्या. कुणी ड्रमला लाथ घातली, मग दुसऱ्यानं. गाजी दार लावून आत गेला. त्याच्या टाकीतलं चांगलं पाणी आत, आणि बाहेर पायरीवर हे विष वाहत होतं. मर्जिनाला तिथंच थुंकावंसं वाटलं. तोंडात थुंकीच नव्हती.

"आता प्यायचं काय?" एका बाईनं विचारलं. तिच्या कडेवरचं पोर जीभ बाहेर काढून पडलं होतं.

फुफू हळूच म्हणाली, "हिनं पुरलंय." पहिल्यांदाच त्या म्हातारीच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

तीन कळश्या. अठरा दिवसांचं बाळ. मदतीची होडी कधी येईल ते कुणालाच माहीत नाही. तिनं त्या कडेवरच्या पोराकडे पाहिलं. सहाएक वर्षांचंच होतं.

"एक कळशी माझ्या सुनेची," ती म्हणाली. "तिला कुणी हात लावायचा नाही. बाकीच्या दोन गावातल्या पोरांसाठी. मोठ्यांनी घोटभर."

खजुरापासून सात पावलं. माणसांनी हातांनी चिखल उपसला. तिन्ही कळश्या जागच्या जागी होत्या. मर्जिनानं ट्यूबची पट्टी सोडली, वास घेतला, आणि पहिला पेला मोयनाला दिला. मोयना डोळे मिटून प्यायली, आणखी एक प्यायली. थोड्या वेळानं बाळ नुसतं ओढायचं थांबून दूध गिळायला लागलं. तो घोट-घोट आवाज ऐकून फुफू पदराआड रडली.

सगळ्यात शेवटी कासेम आला. दिवसभर त्याच्या पोटात काही गेलं नव्हतं. त्यानं कळशीकडे हात पुढे केले, आणि मर्जिनाला वास आला. ड्रम घासून घासून त्याच्या हातांच्या रेघांमध्ये ते विष बसलं होतं. हात धुवायला गावात पाणी नव्हतं.

याच हातांनी त्यानं सुनेला पेला दिला होता. माहीत असून.

"हात मागं घ्या," मर्जिना म्हणाली.

कासेमनं हात पाठीमागे धरले. तो चिखलात गुडघे टेकून बसला, तोंड वर केलं, आणि तिनं वरून, कुठेही न शिवता, त्याच्या तोंडात मोजून घोटभर पाणी ओतलं. मग त्याच्याकडे पाठ करून कळशीचं तोंड पुन्हा बांधून टाकलं.