सव्वा वर्ष जेवणाच्या टेबलावर

थांबा, एवढ्यात पेटीचं झाकण लावू नका. आत मी आहे आणि मला बोलायचंय.

मी गिअरबॉक्स. गाडीचा नव्हे, एवढा मान माझ्या वाट्याला कुठला! मी खेळातल्या, बॅटरीवर चालणाऱ्या बंदुकीचा. चांगली मोठी, नोकरी करणारी माणसं डोळ्यांवर गॉगल चढवून एकमेकांवर प्लास्टिकच्या गोळ्या झाडतात. ज्याला गोळी लागेल त्यानं स्वतःहून ‘लागलं!’ असं ओरडून बाहेर जायचं. त्या बंदुकीच्या पोटात माझा मुक्काम असतो.

माझं काम तसं सोपं. मोटर तीन चक्रं फिरवते, चक्रं पिस्टनला मागे ओढतात, पिस्टन स्प्रिंगला दाबतो. शेवटच्या चक्राला निम्म्या भागात दातच नाहीत. तो भाग आला की पकड सुटते, स्प्रिंग पिस्टनला पुढे ढकलते, हवेचा झोत येतो आणि गोळी बाहेर पडते. हे सगळं सेकंदाला पंधरा वेळा. पण सव्वा वर्ष मला हे मैदानात एकदाही करता आलं नाही, आणि त्याला कारण आमचे मालक.

मालक लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांच्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे ताईंनी, वाढदिवसाला त्यांना ही बंदूक दिली. ताई पाच जणांच्या संघाच्या कप्तान. त्यांना वाटलं, भाऊ रविवारी चार माणसांत येईल, जरा पळेल. मालकांनी अंगणात एक डबा ठेवून नेम धरला. गोळी डब्याच्या चार पावलं अलीकडे पडली.

“अरे, मग चार पावलं पुढे जाऊन मार की,” ताई म्हणाल्या.

मालकांनी ते ऐकलंच नाही. ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांची नजर मला अजिबात आवडली नाही.

दुसऱ्या दिवशी इंटरनेटवरच्या चार दिव्य ज्ञानी लोकांचा सल्ला घेऊन त्यांनी मला जेवणाच्या टेबलावर आडवं केलं. मला उघडण्याआधी स्प्रिंग मोकळी करावी लागते. मालकांनी तेवढं सोडून बाकी सगळं वाचलं होतं. कवचाच्या दोन फाका वेगळ्या झाल्या मात्र, स्प्रिंग सुसाट सुटली आणि समोर बसलेल्या सासऱ्यांच्या पेपरातून आरपार गेली.

सासऱ्यांनी भोकातून पाहिलं. “जावईबापू, बरं झालं. आता पान न उलटता पुढचं वाचता येतंय.”

मालकांनी जुनी स्प्रिंग ठेवून दिली आणि जबरदस्त ताकदीची नवी बसवली. तिनं दोन दिवसांत पिस्टनचे दात सोलून काढले. म्हणून लोखंडी दातांचा पिस्टन आला. तो ओढताना मोटर तापली, म्हणून मोठी मोटर आली. तिनं चक्रांचा जीव घेतला, म्हणून चक्रं बदलली. नवी चक्रं एकमेकांत नीट बसेनात, म्हणून कागदाहून पातळ वॉशर आले, आणि एक वॉशर घालून, फिरवून, कान लावून, पुन्हा काढायचा असा उद्योग दोन महिने चालला. माझ्यात कवचाखेरीज जुनं काही उरलं नाही. तुम्ही विचाराल, मग तू तोच कशावरून? असले प्रश्न मला विचारू नका, मी आधीच सैल झालेलो आहे.

टेबलावर मालकांनी कामावरची पाटी आणून ठेवली होती: ‘दुरुस्ती चालू आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ सगळं घर मांडीवर ताटं घेऊन जेवू लागलं.

“अहो, लिफ्ट बंद असली तर लोकांना जिना तरी असतो,” त्यांची बायको म्हणाली. “आम्ही कुठं जायचं?”

“फक्त हवेची गळती राहिलीय,” मालक म्हणाले.

या वाक्यावर त्यांनी पुढचे चार महिने काढले. शेवटी नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप त्यांनी सिलिंडरच्या तोंडाशी गुंडाळली. सात वेढे बसले तेव्हा कुठे गळती थांबली. त्या दिवशी त्यांनी माझ्यावरून जो हात फिरवला, तो घरात अजून कुणाच्या वाट्याला आला नसेल.

मग एका गुरुवारी ताई आल्या. त्या उभ्याउभ्याच बोलल्या.

“रविवारी स्पर्धा आहे आणि माझा पाचवा माणूस लग्न करून परगावी गेला. चार जणांना घेत नाहीत. तू आलास तर आम्ही खेळणार. नाही आलास तर ही बंदूक मीच दिलीय, मीच सुटी करून संघात वाटून टाकेन. मोटर एकाला, पिस्टन एकाला. कवच कचऱ्यात.”

कवच म्हणजे मी! माझी पाचावर धारण बसली. एक गोळीही मैदानात न झाडता मी कचऱ्यात जाणार होतो.

शनिवारी दुपारी मालकांनी मला बंद केलं आणि टेबलावर एक बारीक स्क्रू उरला. लिफ्टवाल्या माणसाला उरलेला स्क्रू दिसला की तो घामानं भिजतो. त्यांनी मला पुन्हा उघडलं. सगळं जागच्या जागी. बंद केलं. पुन्हा उघडलं. असं चार वेळा झाल्यावर सासरे वामकुक्षी आटोपून आले, त्यांनी टेबलावरचा चष्मा उचलून डोळ्यांवर ठेवला आणि त्याची एक काडी निखळून खाली पडली.

“आमचा स्क्रू मिळाला का, जावईबापू?” ते म्हणाले.

रविवारी आम्ही मैदानावर पोचलो. मैदान म्हणजे एका बंद कारखान्याचं आवार. दारात गोळीचा वेग मोजतात, कारण फार जोरात लागली तर माणूस जखमी होतो. मर्यादा सेकंदाला शंभर मीटरची. माझा आकडा आला एकशे एकोणतीस.

“आत सोडता येणार नाही,” दारावरच्या बाई म्हणाल्या.

“पण बाई, थेंबभर हवा गळत नाही हो!” मालक अभिमानानं म्हणाले.

“तेच तर. वीस मिनिटं देते.”

ताईंनी मालकांचा दंड धरला. “मग गळू दे की जरा.”

“ताई, गळती थांबेपर्यंत सव्वा वर्ष गेलं माझं.”

“चालू करायला वीस मिनिटं आहेत.”

गाडीच्या बॉनेटवर मालकांनी मला उघडलं, या खेपेला स्प्रिंग आधी मोकळी करून. टेपचे सात वेढे एकेक करून काढले. मी त्यांचा चेहरा पाहत होतो. स्वतःच्या हातानं केलेलं सुंदर काम स्वतःच्याच हातानं बिघडवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला, आणि मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली. घाईत दोन वॉशर गवतात पडले. मालकांनी वाकून शोधायला सुरुवात केली तेव्हा ताईंनी त्यांची कॉलर धरून त्यांना सरळ केलं.

आकडा आला सत्त्याण्णव. पण वॉशरांवाचून मी असा खडखडू लागलो, की आवारातली कबुतरं उडाली.

शिट्टी झाली. मालक एका पिंपामागे बसले आणि त्यांनी घोडा दाबला. अहाहा! माझी पहिली गोळी एका निरपराध भिंतीवर आपटली. दुसरीही तिथेच. पण माझा आवाज ऐकून समोरच्या पाचही जणांना वाटलं, काहीतरी भयंकर चाल करून येतंय. ते सगळे आमच्याकडे तोंड करून बसले आणि ताई मागून आल्या.

“लागलं!” “लागलं!” “अहो बाई, लागलं म्हटलं ना!”

पुढच्या सामन्यात आम्ही सपाटून हरलो, पण मालक घरी जाताना गाडीत मोठ्यानं गात होते.

तेव्हापासून दर रविवारी ताई आम्हांलाच पुढे पाठवतात, आवाज करायला. मला स्क्रूड्रायव्हर लावायचा नाही अशी मालकांना सक्त ताकीद आहे. ते बिचारे हात खिशात घालून बसतात. त्यामुळे माझी अवस्था बघवत नाही. आत वाळू आहे, ग्रीस काळं पडलंय, मधल्या चक्राचा एक दात परवाच गेला. म्हणून एक विनंती करतो. मला कुणीतरी उघडा हो. मालकांनाच सांगा, त्यांच्यासारखा हात कुणाचा नाही. फक्त सोमवारी उघडा आणि शनिवारच्या आत बंद करा. रविवारी माझ्यासाठी माणसं खोळंबतात.