दोन डाव्या बाह्या

हॉटेलच्या मुख्य वेटरने नवा कोट चढवला, आरशासमोर उभा राहिला आणि उजवा हात पुढे करायला गेला, तर बाही मागे ओढायला लागली. त्याने पुन्हा हात पुढे केला, बाही पुन्हा मागे. मग तो अगदी शांतपणे म्हणाला, "बाई, या हाताने ताट द्यायचं कुणाला? पाठीमागच्याला?"

शिवणाचं दुकान चालवणाऱ्या थोरलीने बाही चाचपून पाहिली. दोन्ही बाह्या डाव्या! आता कोटाच्या बाहीला दोन तुकडे असतात, एक वरचा, एक खालचा, आणि त्या कापडाची उलट-सुलट बाजू सारखीच दिसत होती. तेव्हा गफलत होऊ शकते, हे खरं. पण होऊ शकते म्हणून करायलाच हवी का?

दुकान दोघी जावांचं. थोरली मापं घ्यायची, कापड कापायची आणि बोलायची. धाकटी मशीनवर शिवायची. धाकटीच्या हाताला अशी सफाई, की गिऱ्हाईक घरी जाण्याआधी शिवणीवरून एकदा बोट फिरवून बघायचं. पण लक्ष? कॉलर लावता लावता तिला इस्त्री आठवायची. इस्त्रीकडे जाताना कात्री सापडत नाही म्हणून ती कपाट उघडायची. आणि दुपारी थोरली बघते तर काय, कॉलर लोंबतेय, इस्त्री तापून बसलीय आणि बाईसाहेब जमिनीवर फतकल मारून जुनी बटणं रंगांप्रमाणे लावतायत, तीही अशी मन लावून, की हाक मारली तरी ऐकू जाऊ नये.

'वेंधळी' हे नाव थोरलीनेच पाडलेलं. आधी लाडाने म्हणायची. बाह्यांच्या प्रकरणानंतर त्यातला लाड संपला. हॉटेलवाल्यांनी वेटरांच्या कोटांचं काम काढून न घेता आणखी एक संधी दिली, पण थोरलीने त्याच दिवशी निकाल सुनावला. हे कोट झाले की मशीनवर दुसरी बाई बसेल, पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी तिला बोलावलंय. तू काज-बटणं कर. धाकटी "बरं" म्हणाली. त्या मशीनवर तिचा जीव होता. दुसरं कुठलंच काम तिला इतकं आवडत नव्हतं, आणि हे थोरलीला चांगलं ठाऊक होतं.

मग एके दिवशी धाकटीने घाबरत घाबरत सांगितलं, की ती मनाच्या डॉक्टरांकडे जातेय, काही भेटी झाल्यात, आता त्यांना तिला रोज पाहणाऱ्या माणसाशी बोलायचंय. थोरली तयारच होती. इतक्या वर्षांत कुणी आपणहून विचारलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत तिने खुर्चीवर नीट बसायच्या आतच तक्रारींचा पाढा सुरू केला. इस्त्री, किल्ल्या, गिऱ्हाइकाला दिलेला भलताच कुर्ता, गॅसवर आटून गेलेलं दूध. डॉक्टरीणबाई प्रत्येक गोष्टीला मान डोलावत होत्या, त्यामुळे थोरलीला आणखीच चेव आला. शेवटी त्या म्हणाल्या, "फार मदत झाली तुमची. हिच्या आईने लहानपणचं सांगितलं, तेही असंच होतं. याला एडीएचडी म्हणतात."

आपण हिच्याविरुद्ध बोलायला आलो आणि बोललो हिच्याच बाजूने, हे थोरलीच्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

"पण बटणं लावताना बरं लक्ष लागतं हिचं!" ती म्हणाली.

"तेही त्यातच आलं. लक्ष नसतं असं नाही. ते कुठे द्यायचं आणि कुठून काढायचं, याचा लगाम हातात राहत नाही. हा आळस नाही, आणि बेफिकिरीही नाही." मग त्यांनी धाकटीला विचारलं, "काम कधी चांगलं होतं?"

धाकटी पदराशी चाळा करत राहिली. "वहिनी कापड आणायला बाजारात जातात तेव्हा."

थोरलीने झटकन तिच्याकडे पाहिलं.

"त्या प्रेमानेच विचारतात हो," धाकटी घाईघाईने म्हणाली. "टेप कुठंय, चहा टाकू का, ती मघाची बाई काय म्हणत होती... पण मी उत्तर देते आणि परत येते, तेव्हा हातातला तुकडा कुठला होता तेच कळत नाही. बाह्यांच्या दिवशी पण तसंच झालं."

डॉक्टरीणबाईंनी गोळी लिहून दिली. हाच त्रास असलेल्या मोठ्या माणसांचा एक गट दर आठवड्याला जमतो, तिथे जायला सांगितलं. टेबलावर एका वेळी एकच कपडा ठेवायचा. आणि जमलं तर कुणीतरी शेजारी आपलं काम घेऊन बसावं, नुसत्या सोबतीने काम मार्गी लागतं. "पण गप्प बसून," त्या थोरलीकडे बघून म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर थोरली एक अक्षर बोलली नाही. धाकटीला वाटलं, झालं, आता काज-बटणंही गेली.

दुसऱ्या दिवशी थोरलीने टेबल रिकामं केलं, त्यावर एक कोट ठेवला, उजव्या बाहीच्या तुकड्यांना आपल्या हाताने खडूची खूण केली आणि दोरे कातरायला शेजारी स्टूल ओढलं. अहाहा, काय ते गप्प बसणं! तोंड उघडायची, मिटायची. टेप सापडेना तर सगळं दुकान पालथं घातलं, पण विचारलं नाही. एक गिऱ्हाईक आलं, त्याला हातवारे करून बसवलं; त्याला वाटलं बाईंचा घसा बसलाय, त्याने मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सुचवल्या. धाकटीला हसू फुटलं, पण पाय मशीनवरच राहिला.

सगळंच काही सुरळीत झालं नाही. एका कोटाचा खिसा राहिला, एकदा पुन्हा बटणांचा डबा निघाला. थोरलीने नुसतं टेबलाकडे बोट दाखवलं. गटातून धाकटी आली ती हसत हसतच. तिथे एक बेकरीवाला होता, तो पाव भट्टीत ठेवून भट्टी पेटवायलाच विसरायचा. "वहिनी, मला वाटायचं मी एकटीच मूर्ख आहे," ती म्हणाली आणि रडायला लागली. थोरलीला इतकं वाईट वाटलं, की तिने आपल्याच पदराने तिचे डोळे पुसले.

ठरलेल्या सोमवारी ती दुसरी बाई आली. कोट हॉटेलात पोचले होते आणि मुख्य वेटर दोन्ही हातांनी पुढच्या माणसाला ताटं देत होता. धाकटी शाळेचे गणवेश शिवत बसली होती. बाईला पाहून तिने मान आणखी खाली घातली.

"मशीनच्या कामासाठी बोलावलं होतं ना?" बाईने दारातूनच विचारलं.

"मशीनवर बसणारी आहे आमच्याकडे," थोरली म्हणाली. "तिच्यासारखी दुसरी मिळायची नाही. काज-बटणं कराल का? पण एक अट आहे, इथे कामाच्या वेळी बोलायचं नाही. मीही बोलत नाही."

आतली मशीन थांबली. थोरलीने वळून पाहिलं नाही. थोड्या वेळाने मशीन पुन्हा सुरू झाली.