चढाकडचा कान

दवाखान्याच्या बाकावर म्हातारी बसली होती आणि तिचा मुलगा समोर उभा राहून तिला ओरडून बजावत होता, "आत गेल्यावर कचेरीच्या भाषेत एक अक्षर काढायचं नाही. फक्त आपली डोंगरभाषा. कळलं?"

म्हातारीला हसावं की रडावं कळेना. सातव्या वर्षी वसतिगृहात गेलेलं हे लेकरू पहिल्याच सुट्टीत येऊन म्हणालं होतं, "आई, हे जंगली बोलणं माझ्यासमोर नको." मग त्याच्याशी बोलता यावं म्हणून तिने बाजारात केरसुण्या विकता विकता कचेरीची भाषा शिकून घेतली. आणि आता हाच बहाद्दर डोंगरभाषेचा दुभाषी म्हणून सरकारी नोकरीला लागला होता! परीक्षा लेखी होती. डोंगरभाषेला लिपी नाही, आणि पेपर तपासणाऱ्याला ती भाषा येत नाही. आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय.

आईच कचेरीच्या भाषेत बोलली तर दुभाषी हवाच कशाला, ही दुभाषीसाहेबांची धास्ती. म्हातारीची काळजी वेगळी होती. मुलीची मुलगी दर आठवड्याला फोन करायची. सगळ्या गोतावळ्यात तिच्याशी डोंगरभाषेत बोलणारी तेवढी एकच नात उरली होती, आणि हल्ली तिचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं. कानाचं मशीन मिळालं तर येणार होतं. सरकारकडून माणशी मशीन एकच, एकाच कानाला.

आत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कुठल्या कानाला लावायचं, विचारा त्यांना."

दुभाषीसाहेबांनी घसा खाकरला. त्यांची डोंगरभाषा सात वर्षांचीच राहिली होती. भूक लागली, शी आली, मारू नको, एवढ्यात सगळा कारभार. "आई, कान, कुठे?" त्यांनी विचारलं.

"चढाकडचा," म्हातारी म्हणाली.

डोंगरभाषेत डावं-उजवं नाहीच. उतारावर घरं बांधणाऱ्यांना त्याची गरज काय? डोंगराच्या बाजूचा तो चढाकडचा, नदीच्या बाजूचा तो उताराकडचा. खिडकीतून डोंगर दिसत होता, म्हातारीच्या डाव्या अंगाला. वस्तीतलं शेंबडं पोरही चुकलं नसतं.

"ती म्हणतेय," दुभाषी म्हणाला, "कानात काहीतरी चढतंय. मुंगी असावी."

डॉक्टरीणबाईंनी बॅटरी घेऊन दोन्ही कान तपासले. "मुंगीबिंगी काही नाही. कान कुठला ते सांगा."

"उजवा," त्याने ठोकून दिलं.

उजवा कान लहानपणच्या तापात ठार गेलेला. तेव्हापासून ती बोलणाऱ्याकडे डावा कान वळवत आली होती. बाजारातल्या गिऱ्हाइकांनासुद्धा ते ठाऊक होतं, पोटच्या पोराच्या कधी ध्यानात आलं नाही. भाषा विसरला ते एक वेळ सोडा, डोळे तर होते ना मेल्याला!

मशीन उजव्या कानात बसलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "येतंय का ऐकू?" दुभाष्याने आईला न विचारताच मान डोलावली. "छान. मग पावतीवर घ्या यांचा अंगठा."

म्हातारीने अंगठा मुठीत दाबून धरला. मुलाकडे बघितलं, नातीचा आवाज आठवला, आणि कचेरीच्या भाषेत ठणकावून म्हणाली, "डॉक्टरीणबाई, हा कान मेलेला आहे. डाव्याला लावा."

नोकरीची सवय म्हणा की भीती म्हणा, दुभाषी घाईघाईने म्हणाला, "ती म्हणतेय, डाव्याला लावा."

"ते कळलं मला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मशीन डाव्या कानात गेलं. तिला पहिल्यांदा पंख्याची घरघर ऐकू आली, आणि पाठोपाठ मुलाचं दात ओठ खाऊन कुजबुजणं, "घालवलीस ना माझी नोकरी!"

तोंडावर आलेल्या चार कडक शिव्या म्हातारीने गिळल्या. मग सावकाश, तान्ह्या पोराशी बोलावं तसं, डोंगरभाषेत म्हणाली, "घरी चल, बाळा. पहिल्यापासून शिकवते."

"आता काय म्हणाल्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

दुभाष्याने आईकडे पाहिलं. शब्द ओळखीचे वाटत होते, हाताला लागत नव्हते.

"आभार मानतेय," तो म्हणाला.

मशीन खरंच चांगलं होतं. तिला ते अगदी स्पष्ट ऐकू आलं.