‘तुरा’ची चाल

पुण्याच्या रेकॉर्ड कंपनीतून संयोगिताचा फोन आला तेव्हा कामिल मुजावर राजारामपुरीतल्या आपल्या गिटार क्लासमध्ये एका पालकाशी हुज्जत घालत होता. पालकाचं म्हणणं एकच, "पोरगीला एक गाणं बसवून द्या, गॅदरिंग जवळ आलंय. बाकीचं शिकवत बसू नका." कामिलनं त्याला हातानंच थांबवलं आणि फोन कानाला लावला.

"सर, आम्ही 'धडकी'चा बेस्ट ऑफ काढतोय," संयोगिता म्हणाली. "बारा गाणी. ऑनलाइन तर येतीलच, शिवाय तीनशे रेकॉर्ड काढणार. जुन्या, काळ्या. आता परत चालतात त्या."

'धडकी' हा कोल्हापूरचा रॉक बँड. चौघा पोरांनी दोन हजार साली एका टायपिंग क्लासच्या वरच्या खोलीत सुरू केलेला. राजवीर इंगवले गायचा, कामिल गिटार वाजवायचा, पिराजी सुतार ड्रम बडवायचा, आणि बेस गिटारवरचा सयाजी पुढं दुबईला गेला तो तिकडचाच झाला. सहा वर्षांत तीन कॅसेट निघाल्या. मग कुणाचं लग्न झालं, कुणाला नोकरी लागली, आणि कुणी कुणाशी भांडलं नसतानाही बँड मोडला. राजवीर पुण्यात जाहिरातींची गाणी करायला लागला. पिराजीनं फर्निचरचा कारखाना टाकला. कामिल तेवढा गिटारलाच चिकटून राहिला.

त्यामुळं बेस्ट ऑफ म्हटल्यावर पन्नाशीला आलेला कामिल पोरासारखा हरखला. पण संयोगितानं यादी पाठवली आणि तो आनंद तासभरही टिकला नाही. 'धुकं' हे गाणं यादीतच नव्हतं. तीन महिने घासून, बोटं सोलवटून त्यानं ते बसवलं होतं.

"सर, ते सात मिनिटांचं आहे," संयोगिता म्हणाली. "अर्ध्या मिनिटाच्या पुढं आता कुणी थांबत नाही. आणि खरं सांगू का, आकडे बघितले तर तुमचं लोकांनी एकच गाणं ऐकलंय."

ते एक गाणं म्हणजे 'तुरा'. उसाला तुरा आल्यावर रान कसं पांढरं दिसतं, त्यावरचं. वरातीत ते वाजतं, कॉलेजात वाजतं, रिक्षात वाजतं. शब्द राजवीर इंगवले, संगीत कामिल मुजावर. गायलंय मात्र अनुजा देसाईनं. त्या वेळी गारगोटीहून कॉलेजला येणारी विशीतली मुलगी. तेवढं एक गाणं गाऊन ती बँडमधून गेली ती परत आली नाही.

"त्यांची सही लागेल," संयोगिता म्हणाली. "ज्याचा आवाज, त्याची सही. मी दोन वेळा फोन केला, त्या ठेवून देतात."

"मी आणतो," कामिल म्हणाला. त्यात काय अवघड, असं त्याला वाटलं.

रविवारी तो मोटारसायकलवरून गारगोटीला गेला. अनुजा आता तिथल्याच हायस्कुलात विज्ञान शिकवायची. दारातच तिनं त्याला ओळखलं, आत बसवलं, पाणी दिलं. टेबलावर उत्तरपत्रिकांचा ढीग होता. तो बाजूला सरकवून तिनं कंपनीचा कागद शेवटपर्यंत वाचला. मास्तरीण वाचते तसा, बोट फिरवत.

"सही करते मी," ती म्हणाली. "पण आधी सांगा कामिलभाई, इथं संगीत कुणाचं लिहिलंय?"

"माझं."

"आणि चाल कुणी बांधली?"

"अगं, आपण सगळ्यांनी मिळूनच की—"

"कामिलभाई."

त्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला.

"तुम्ही चौघं भांडत बसला होता," अनुजा म्हणाली. "राजवीरचे शब्द कशातच बसत नव्हते. मी कोपऱ्यात डबा खात होते. खाता खाता गुणगुणले. तुम्ही म्हणालात, परत म्हण. मी परत म्हटलं. मग तुम्ही गिटार उचलली. गिटारचं सगळं तुमचं, त्यावर माझं काही म्हणणं न्हाई. पण चाल?"

"तुझीच," कामिल म्हणाला. बोलताना त्याचं त्यालाच नवल वाटलं. गेली वीसबावीस वर्षं तो ही गोष्ट वेगळीच सांगत आला होता. पहिल्यांदा एका पेपरवाल्यानं विचारलं, चाल कशी सुचली, तेव्हा राजवीरनं कोपरानं ढोसलं आणि कामिलनं ठोकून दिलं, एसटीत सुचली, खिडकीतून उसाचे तुरे बघताना. पुढं दहा जणांनी विचारलं, दहा वेळा त्यानं तेच सांगितलं. शेवटी शेवटी तर ती खिडकी त्याला खरोखरच आठवायला लागली होती.

"तुमची मुलाखत मी वाचलीय," अनुजा म्हणाली. "एसटीत सुचली म्हणे. एसटीनं मी यायची. तुमच्याकडं तर यामाहा गाडी होती."

कामिलचे कान तापले. "तुझ्या घरी चालायचं न्हाई, म्हणून नाव टाकलं न्हवतं. बोलणी बसली असती तुला. तुझ्या भल्यासाठीच—"

"मला विचारलं होतंत?"

कामिल उत्तरपत्रिकांच्या ढिगाकडं बघत राहिला.

"माझ्या बाबांनी तीन कॅसेट आणल्या होत्या. एक घरात, एक मामाकडं, एक शाळेत दाखवायला. आतला कागद उलगडून, चष्मा पुसून पुसून वाचला त्यांनी. दोन्ही बाजूंनी. मग मला म्हणाले, पुढच्या वेळी छापतील. त्यानंतर ते जाईपर्यंत त्यांनी तो विषय काढला न्हाई. आणि मी पण त्या खोलीत परत आले न्हाई." तिनं कागदाची घडी घातली आणि त्याच्या हातात दिली. "संगीत, अनुजा देसाई. एवढं लिहून आणा. खाली लगेच सही करते. दुसरं मला काय नको."

परत येताना मुदाळतिट्ट्यावर तो चहाला थांबला. चहा समोर तसाच राहिला आणि त्याला शाहूपुरीतला प्रेस आठवला. कॅसेटच्या कागदाचा मजकूर घेऊन तोच गेला होता. हातानं लिहिलेला मजकूर, त्यात अनुजाचं नाव दोनदा, एकदा गायिका म्हणून, एकदा संगीतासाठी. राजवीर जाता जाता म्हणाला होता, "तिच्या घरात कटकट होईल, बघ." एवढंच. प्रेसवाल्याकडून पेन मागून घेऊन दोन्ही नावांवर रेघ मारली होती ती कामिलनं.

त्यानं तिथूनच राजवीरला फोन लावला आणि काय झालं ते सांगितलं.

"येडा हाईस का तू?" राजवीर म्हणाला. "इतक्या वर्षांनी चाल तिची म्हणून सांगायचं? लोक शेण घालतील आपल्या तोंडात."

"चाल तिचीच हाय, राजा."

"असू दे की! कागदावर तू हाईस. तिला सही करायची नसली तर नको करू दे. माझ्याकडं इथं चार पोरी हायेत गाणाऱ्या. एका दिवसात नवीन रेकॉर्ड करतो. संगीतकाराची सही तू करणार, मग तिला विचारतंय कोण?"

"म्हणजे आवाज पण काढून टाकायचा तिचा?"

"कामिल, माझं ऐक. या बेस्ट ऑफवर माझी पुढची कामं अवलंबून हायेत. तू क्लास चालवतोस, तुला काय फरक पडतो?"

कामिलनं फोन बंद केला. चहा गार झाला होता, तो त्यानं तसाच टाकून दिला.

पुढचे चार दिवस तो घरात नुसता धुमसत होता. राजवीरला शिव्या घालून झाल्या, संयोगिताला झाल्या, मग गाडी अनुजावर आली. इतकी वर्षं गप्प बसली, आणि आत्ताच बरं हिला तोंड फुटलं! त्याची बायको शिफा भाजी निवडता निवडता ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तुम्ही चिडलाय कुणावर, ते तरी एकदा ठरवा. म्हणजे घरातली माणसं सुटतील."

त्याच दुपारी त्यानं कंपनीला पत्र लिहिलं. 'तुरा'ची चाल माझी नाही, अनुजा देसाई यांची आहे, तसं छापावं. पाठवून दिल्यावर त्याला हलकं वाटलं. आता सगळं सुरळीत होईल, असंही वाटलं.

तिसऱ्या दिवशी संयोगिताचा फोन आला.

"सर, आमचा कायदा विभाग म्हणतोय, या गाण्यावर वाद आहे. वादातलं गाणं घेता येत नाही."

"वाद कुठाय? मी स्वतः कबूल करतोय की!"

"हो सर, पण राजवीर सरांनी लिहून दिलंय की चाल तुमचीच आहे."

"म्हणजे माझी न्हाई म्हणून मी सांगतोय, आणि माझीच हाय म्हणून तो सांगतोय?"

"हो सर."

"आणि तुम्ही त्याचं खरं धरताय?"

"आम्ही कुणाचंच धरत नाही सर. म्हणूनच गाणं काढतोय. अकराच ठेवतोय आता."

"मग त्या जागी 'धुकं' तरी घ्या!"

"सर, ते सात मिनिटांचं आहे."

कामिलनं आणखी दोन पत्रं पाठवली, तरी धडकीचा बेस्ट ऑफ निघाला तो 'तुरा'शिवाय. पहिल्याच दिवशी ऑनलाइन गाण्यांखाली लोकांनी लिहायला सुरुवात केली, 'तुरा कुठाय?', 'फसवलं', 'जेवायला बोलावून नुसतं ताट दिलं'. पिराजीनं फोन करून विचारलं, "झालं काय नक्की?" कामिलनं सांगितलं. पिराजी म्हणाला, "डबा खात होती, ते मला पण आठवतंय." मग इतकी वर्षं तू का बोलला नाहीस, हे कामिलनं विचारलं नाही. कोणत्या तोंडानं विचारणार?

संध्याकाळी अनुजाचा मेसेज आला. 'मी नाव मागितलं होतं. गाणं काढायला सांगितलं नव्हतं.' कामिलनं तो चार वेळा वाचला आणि मोबाइल गादीवर फेकला.

प्रकाशनाचा कार्यक्रम कोल्हापुरातच ठेवला होता, रविवारी संध्याकाळी. कामिलला जायचं नव्हतं, पण पत्रिका छापून झाल्या होत्या. हॉल भरला होता. कॅसेटच्या काळातली माणसं टक्कल आणि पोट घेऊन आली होती, त्यांची पोरं मोबाइल वर धरून उभी होती. राजवीर कामिलशी अवाक्षर बोलला नाही, पण स्टेजवर सगळ्यांसमोर खांद्यावर हात टाकून उभा राहिला. दुबईच्या सयाजीच्या जागी पुण्याहून आणलेला एक जण बेस वाजवत होता. पाच गाणी झाली. सहाव्याच्या आधी मागून आरोळी आली, "तुरा!" मग सगळा हॉल तेच ओरडायला लागला.

राजवीर कामिलच्या कानाशी आला. "वाजव. स्टेजवर कागद लागत न्हाई."

कामिलनं गिटारचा आवाज खाली केला आणि तो माईकपाशी गेला. माईक किंचाळला, लोकांनी कानांवर हात ठेवले.

"हे गाणं अल्बमात का न्हाई, ते सांगतो," तो म्हणाला. "याची चाल माझी न्हाई. गारगोटीच्या अनुजा देसाईनं बांधली. गायलं पण तिनंच. तिचं नाव मी स्वतःच्या हातानं खोडलं. आणि एसटीत सुचली म्हणून जे सांगत आलो, ते खोटं हाय."

आता हॉल गप्प होईल, निदान कुणी शिवी तरी देईल, असं त्याला वाटलं होतं. पण तिसऱ्या रांगेतून एक जण मोठ्यानं म्हणाला, "बरं झालं सांगितलंसा! आता वाजवा की!" आणि सगळे हसले, शिट्ट्या वाजल्या.

कामिल तसाच उभा राहिला. इतकी वर्षं पोटात दाबून ठेवलेली गोष्ट यांना गाण्याच्या आधीची बडबड वाटली होती. "तिला विचारल्याशिवाय मी वाजवणार न्हाई," तो म्हणाला, पण ते पहिल्या रांगेच्या पुढं गेलंच नाही. राजवीरनं माईक ओढून घेतला आणि गिटारशिवायच गायला सुरुवात केली. मागं पिराजीनं कामिलकडं बघितलं आणि काठ्या मांडीवर ठेवल्या. राजवीरला ड्रमचीही गरज पडली नाही. दुसऱ्या ओळीला अख्खा हॉल गात होता, टाळ्यांवर, मान हलवत. कामिल गळ्यात गिटार अडकवून सबंध गाणं संपेपर्यंत उभा होता. आणि उभ्या उभ्या त्याला पहिल्यांदाच नीट ऐकू आलं की चाल किती चांगली आहे. गिटारशिवायही ती तशीच उभी राहते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत अनुजाचा फोन आला.

"व्हिडिओ बघितला. कुणीतरी शाळेच्या ग्रुपवर टाकलाय. आवाज पार फाटलाय."

"व्हय," कामिल म्हणाला.

"नाव मात्र कळतंय." मग तिनं विचारलं, "कंपनीचं काय?"

"कंपनी म्हणते वाद हाय."

"मग परत लिहा त्यांना."

"लिहून काय उपयोग, अनुजा? तीन वेळा लिहिलं."

"तीन वेळा एकट्यानं लिहिलंत," ती म्हणाली, आणि मागं शाळेची घंटा झाली तशी घाईनं फोन ठेवला.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ती राजारामपुरीत आली. क्लासमध्ये बसून दोघांनी पत्र लिहिलं. दोन शब्दांवरून वाद झाला, तिनं लाल पेनानं कामिलच्या चार चुका काढल्या, मग खाली दोघांनी सह्या केल्या. पिराजी कारखान्यातून आला आणि साक्षीदार म्हणून तिसरी सही करून गेला. पत्र पोचल्याचं संयोगितानं त्याच दिवशी कळवलं. कायदा विभागाचं उत्तर मात्र अजून आलेलं नाही.